ताळा बसेना!

मी अठ्ठावीस वर्षं हिशेबखात्यात काढली. ताळ्यात पाच पैशांचा फरक निघाला तर आमचे साहेब साऱ्या खात्याला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवीत. तेव्हा एकाच स्पीकरचा इंपीडन्स सकाळी २२ ओहम, दुपारी १७ आणि संध्याकाळी ३१ भरल्यावर माझी झोप उडाली, यात नवल ते काय?

स्पीकर अण्णांच्या रेडिओचा. अण्णा म्हणजे माझे वडील. रेडिओ मुका झाला तेव्हा दुरुस्तीवाल्याने नुसतं बघून सांगितलं, "स्पीकर गेला, नवा टाका." अहो, माणूस गेला म्हणायलासुद्धा डॉक्टर आधी नाडी बघतो! मी स्पीकर काढून घरी आणला.

मीटरने ३.४ ओहम दाखवले. पाठीवर छापलेले ४. उरलेले कुणी खाल्ले?

माझा भाचा इंजिनिअर. म्हणाला, "मामा, मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. इंपीडन्स आवाजाच्या पट्टीप्रमाणे बदलतो. एका ठरावीक पट्टीत पडदा जोरात थरथरतो, तेव्हा स्पीकर स्वतःच उलट वीज तयार करतो आणि इंपीडन्स चढतो." म्हणजे उलट बोलतो! मग तो आमच्याच घरातला, यात शंका नाही.

भाच्याने कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला सगळं जोडून दिलं. हेडफोनच्या भोकातून आवाज निघणार, वाटेत १०० ओहमचा रोधक, मग स्पीकर. डावा चॅनेल रोधकाच्या अलीकडचं व्होल्टेज बघणार, उजवा पलीकडचं. हिशेब प्रोग्रॅम करणार. तो मीही केला असता, पण मला कुणी विचारलं नाही.

माल कमी भरला तर आधी तराजू तपासावा. मी स्पीकर काढून तिथे १० ओहमचा रोधक लावला. आले १३. पुन्हा, ११! भाच्याने फोनवरून चोर पकडला. साउंड कार्डात आवाज 'सुधारण्याची' सोय आहे. बारीक आवाज ते आपणहून मोठा करतं. आमच्या खात्यात परस्पर आकडे सुधारणारा कारकून निलंबित झाला असता. ती सोय बंद केली, दोन्ही चॅनेलना एकच आवाज देऊन त्यांच्यातला फरक प्रोग्रॅमला शिकवला. मग १०, दर वेळी १०.

स्पीकर मात्र ऐकेना. शेवटी वही घातली: तारीख, वेळ, स्पीकर कुठे होता. वहीने सगळं ओकलं. सकाळी तो जेवणाच्या टेबलावर पालथा होता. खाली कोंडलेल्या हवेने शिखर ११२ हर्ट्झवरून १३१ वर सरकलं होतं. दुपारी उशीवर, पडद्याबरोबर सांगाडाही डुलत होता, शिखर बोथट. संध्याकाळचं कोडं हिने सोडवलं. "अहो, कुकरची शिट्टी झाली ना, तेव्हाच तुमची रेघ उडाली!"

बरोबर! स्पीकर बोलतो तसा ऐकतोही. पडदा बाहेरच्या आवाजाने हलला तरी वीज निर्माण होते. पंखा, शेजारचा मिक्सर, कुकर, सगळ्यांच्या नोंदी माझ्या खात्यात पडत होत्या. (आम्ही दोघं काय बोलत होतो, ते आठवून मला जरा घाम फुटला.)

रात्री अकराला पंखा, फ्रिज बंद. विठोबाला एक वीट पुरते. याला दोन विटांमध्ये घट्ट उभा केला, मागेपुढे मोकळी हवा. बटण दाबणार, तोच ही खोकली. मी ओरडलो, "दोन मिनिटं गप्प बसाल का रे सगळे!"

घरात आम्ही दोघंच. ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगदी अण्णांसारखं. बातम्या लागल्या की असेच ओरडायचे."

११२ हर्ट्झला २६ ओहम. पुन्हा २६. तिसऱ्यांदा २६. आणि शिखर उतरून रेघ थेट ४ वर टेकलेली. स्पीकर ठणठणीत!

रेडिओ अजून मुकाच आहे. भाच्याला आता आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा संशय आहे आणि तोही साउंड कार्डावर मोजता येतो म्हणे. हिने कुकर दुपारीच लावून टाकायचं ठरवलंय.