चाकाची धाव आणि टायरचे वय

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. गाडी जिच्या आधाराने धावते तिलाच धाव म्हणण्यात आपल्या भाषेने जे औचित्य साधले आहे, त्याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. लोहार ती पट्टी लाल होईतो तापवी, दोघे-तिघे चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवीत आणि वरून पाणी ओतताच ती आकसून लाकडाला घट्ट कवटाळी. धाव झिजली की डोळ्यांना दिसे, सैल झाली की कानांना कळे. तिचे आयुष्य किती उरले, हे गाडीवानाला कुणी शिकवावे लागत नसे.

मोटारीच्या टायरचे तसे नाही. तो झिजतो तेव्हा दिसतो, पण म्हातारा होतो तेव्हा दिसत नाही. ‘टायर किती किलोमीटर चालतो?’ हा प्रश्न जो तो विचारतो आणि दुकानदारही ‘चाळीस-पन्नास हजार’ असे ठरीव उत्तर देऊन मोकळा होतो. या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती आमच्या घरात अगदी ऐन वेळी पुढे आली. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम टायर म्हणजे काय ते पाहू. रबराच्या झाडाचा चीक उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थाला असे आढळले की, त्यात गंधक मिसळून तापवले असता ते टिकाऊ व लवचिक बनते. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यांचे नाव आपल्याकडे इतके रुजले की, रबरी चाकांच्या बैलगाडीला खेड्यापाड्यांतून ‘डनलॉप गाडी’ असेच म्हणू लागले. टायरचा काळा रंग काजळीचा. ही काजळी रबरात मिसळल्यामुळे त्याची झीज सोसण्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते. आत दोऱ्यांचे आणि पोलादी तारांचे थर असतात. असा हा टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांवर अख्खे कुटुंब बसून घाट उतरत असते. ब्रेक चाकाला थांबवतो, परंतु गाडी थांबते ती त्या चार तळहातांच्या पकडीमुळे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते हे सर्व जाणून होते. २००८ साली त्यांनी एक लहान मोटार घेतली आणि तिच्यासाठी एक वही घातली. बेळगावच्या आमच्या घरी ती वही मोटारीच्या खणात आजही आहे. टायरच्या आयुष्यावर आम्ही जे वाचले-ऐकले, त्यापेक्षा त्या वहीने आम्हांला अधिक शिकवले.

टायरांचा पहिला जोड २०१२ साली बदलला, तेव्हा तो ३४ हजार किलोमीटर चालला होता. दादांनी खाली लिहिले आहे : ‘पुढचे दोन्ही बाहेरच्या कडेला गोटा. मागचे पुष्कळ शिल्लक.’ या एका ओळीत टायरचे अर्धे शास्त्र आले. हल्लीच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर असते, वळवणेही त्यांनीच आणि ब्रेकचा अधिक भारही त्यांच्यावरच. त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. एकच कड झिजली, तर चाकांचा कोन बिघडला आहे असे समजावे. खड्ड्यात चाक आपटले की तो बिघडतो. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मध्यच झिजला, तर हवा जास्त होती. ठिकठिकाणी चकंदळे पडली, तर शॉकॲब्सॉर्बर थकले आहेत किंवा चाकाचा तोल गेला आहे. वैद्याने जीभ पाहून पोटाचे सांगावे, तसे जाणता मिस्त्री टायरवर हात फिरवून गाडीचे सांगतो.

दुसरा जोड २०१२ ते २०१६ असा चालला आणि ४७ हजार किलोमीटर गेला. गाडी तीच, चालवणारे तेच, रस्तेही तेच. मग तेरा हजारांचा फरक कुठून आला? उत्तर वहीतच आहे. दर पंधरा दिवसांनी हवेची नोंद, दर आठ-दहा हजारांनी पुढची चाके मागे व मागची पुढे, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर अलाइनमेंट. हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी. चाललेल्या गाडीचा टायर तापतो, आतली हवा फुगते आणि काटा तीन-चार पौंड अधिक दाखवतो. ती ‘जादा’ हवा सोडून दिली की, थंड झाल्यावर टायर उपाशी राहतो. किती हवा भरायची, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पेट्रोल पंपावरील मुलाने ‘किती भरू?’ म्हणून विचारल्यावर अंदाजाने उत्तर देण्याचे कारण नाही.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने उष्णता निर्माण होते आणि उष्णता हा रबराचा मोठा शत्रू. त्यातच भर उन्हाळ्याचे डांबर, पाठीमागे तांदळाची पोती आणि भरधाव वेग अशी त्रयी जमली, तर आतले थर एकमेकांना सोडू लागतात. धक्का देऊन गाडी सुरू करणे, शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणे, वळणावर वेग न उतरवणे, जागच्या जागी उभे राहून स्टिअरिंग फिरवणे, या प्रत्येक गोष्टीत थोडे थोडे रबर रस्त्यावर राहते. तात्पर्य, टायर किती चालेल हे कारखान्यात ठरते तितकेच आपल्या हातापायांच्या सवयींनीही ठरते.

तिसरा जोड दादांनी २०१६ च्या ऑक्टोबरात घातला. २०२१ साली दादा गेले. त्यानंतर गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी राहिली. वहिनींनी ती विकू दिली नाही. महिन्यातून एखादे वेळी कुणी चालवी तेवढेच. २०२५ पर्यंत या टायरांचे एकंदर चालणे २१ हजारांच्या वर गेले नव्हते.

त्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दादांच्या पश्चात खंडलेला क्रम पुन्हा धरून साखळीजवळच्या मूळघरी गणपतीला जायचे, असे वहिनींनी ठरवले. जायचे त्याच गाडीतून. सोबत पुतण्या, सून आणि चार वर्षांची नात. वाट जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाची. भाद्रपदात या घाटात पाऊस कसा असतो, हे आमच्या बेळगावकर आणि गोवेकर वाचकांना सांगायला नको.

पुतण्याने टायर मोजून पाहिले. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात, १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर मोटारीचा टायर वापरू नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. ती मर्यादा दाखवणारे लहान उंचवटे खाचांच्या तळाशीच असतात. आमच्या टायरांत ५ मिलिमीटर शिल्लक होते. पुतण्या समाधानाने म्हणाला, “काका, अर्ध्याहून जास्त आयुष्य आहे अजून.” वहिनीही म्हणाल्या, “त्यांनी स्वतः निवडून घातलेत, भाऊजी. नवेच आहेत ते.”

आम्ही मात्र गाडी मिस्त्रींकडे नेण्याचा आग्रह धरला. त्यांनी खाचांकडे पाहिलेसुद्धा नाही. विजेरी घेऊन ते गाडीखाली वाकले आणि टायरच्या आतल्या बाजूवरचा एक लंबगोल दाखवून म्हणाले, “सर, हे वाचा.” तिथे शेवटी चार आकडे होते : ३४१६. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१६ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तो टायर घडला होता. नऊ वर्षे झाली होती. स्टेपनीवरचे शेवटचे दोन आकडे होते १२. बिचारी रस्त्याला फारशी टेकलीही नव्हती, पण वयाने सर्वांत थोरली तीच.

मग त्यांनी टायर दाबून दाखवला. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. बाजूवर त्या अधिक स्पष्ट होत्या. याचे कारण असे की, हवेतील प्राणवायू आणि ओझोन हे रबराला सतत खात असतात. ऊन त्यास हातभार लावते. रबर हळूहळू कडक होते, पकड सुटते. कारखान्यात त्यात मेणासारखी संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. गाडी चालत असता टायर वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येऊन पातळ कवच तयार करतात. उभ्या गाडीच्या टायरला हे वाकणेच नसते. शिवाय भार एकाच जागी पडून राहतो आणि हवाही महिन्यागणिक उतरत जाते. गाडी न वापरल्याने टायर ‘नवा’ राहतो, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असा की, पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि खाचा कितीही शिल्लक असल्या, तरी घडल्यापासून दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये. दहा हा आकडा अखेरच्या मर्यादेचा आहे. भेगा दिसल्या की त्याची वाट पाहायची नसते.

पाचही टायर बदलायचे म्हणजे खर्च पंचवीस हजारांच्या घरात. पैशांचा प्रश्न होता, परंतु खरी अडचण ती नव्हती. घरी हे सांगितल्यावर वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. त्या गाडीतील आसनाची आच्छादने, आरशाला टांगलेली माळ, खणातली वही, सारे त्यांनी होते तसे ठेवले होते. टायर हेही त्या ठेवलेल्यांतलेच. पुतण्याने मधला मार्ग सुचवला : या वेळी सावकाश जाऊ, परतल्यावर बदलू. घाटातला पाऊस आपल्या सोयीने थांबत नाही, एवढेच आम्ही म्हणालो.

शेवटी वहिनींनीच वही मागवली. २०१६ च्या पानावर टायरांची किंमत, तारीख आणि किलोमीटर यांच्याखाली दादांच्या ठाशीव अक्षरांत एक ओळ होती : ‘२०२१ नंतर दरवर्षी दाखवून घेणे. भेगा दिसल्यास थांबू नये.’ वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली. मग वही मिटून पुतण्याला म्हणाल्या, “उद्याच जा. आणि तारीख यातच लिही.” दादांच्या अक्षरांखाली प्रथमच दुसऱ्या कुणाचे अक्षर आले.

टायर उतरवल्यावर मागच्या एका टायरच्या आतल्या बाजूला, जी उभ्या गाडीत कधीच दिसत नाही, वीतभर लांबीची चीर आढळली. ती चोर्ल्यात काय करती, याचा अंदाज आम्ही बांधत बसलो नाही.

एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी घडली. मिस्त्रींच्या दारात उभे असलेले एक गृहस्थ ते जुने टायर पाहून म्हणाले की, खाचा चांगल्या आहेत, आम्हांला द्या, पैसे देतो. पुतण्या विचारात पडला. वहिनींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “आपल्या नातीला ज्याच्यावर बसवत नाही, ते दुसऱ्याच्या नातीखाली कशाला?” मिस्त्रींनी पाचही टायर आमच्या समोर पात्याने कापले. तीन भंगारात गेले. दोन अंगणात आले. त्यांत पाणी साचून डेंग्यूच्या डासांची पैदास होऊ नये म्हणून तळाला भोके पाडली आणि माती भरून अबोली लावली.

वाचकांना आमची विनंती एवढीच. खाचा पाहाच, पण विजेरी घेऊन ते चार आकडेही शोधा. बाहेरच्या बाजूला नसले, तर आतल्या बाजूला असतात. स्टेपनीचेही पाहा. नवा टायर घेताना दुकानात ते आधी वाचा, कारण दुकानात पडून राहिलेल्या टायरचेही वय होतच असते. गाडी उभीच ठेवायची असेल, तर सावलीत ठेवा, हवा पुरती ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी दोन-चार मैल फिरवून आणा. आणि एक वही घाला. ती कुणाच्या उपयोगी पडेल, हे लिहिताना कळत नाही.