मतपेटी शाळेच्या दारी

निवडणुकीचा दिवस जवळ आला की शाळेचे रूप एका रात्रीत पालटून जाते. बाके व्हरांड्यात जाऊन बसतात, भिंतीवर मतदान केंद्राचा क्रमांक झळकतो, आणि ज्या दारातून मुले धावत आत शिरतात त्याच दारातून त्यांचे आईबाप व आजीआजोबा हातात ओळखपत्र घेऊन संथ पावलांनी आत जातात. हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, मतदान शाळेतच का, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. हैदराबाद शहरी काही दिवस मुक्काम घडला असता आम्हांस तो पडला. त्याचा विचार करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शाळेचे आणि मतपेटीचे नाते आपल्या लोकशाहीइतकेच जुने आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे पहिले मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलातील चिनी, म्हणजे आजच्या कल्पा या डोंगरी गावाच्या परिसरात झाले. तेथे प्रथम मत देणारे म्हणून ज्यांचे नाव देशाने लक्षात ठेविले ते श्यामशरण नेगी व्यवसायाने शाळामास्तर होते. तेव्हा हैदराबाद हे स्वतंत्र राज्य होते आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे आपले पाच मराठी जिल्हे त्यातच मोडत. १९५२ साली मराठवाड्यातील आपल्या बांधवांनी पहिले मत टाकले ते हैदराबादच्या विधानसभेसाठी. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. या लोखंडी पेट्या बनविणाऱ्या कारखान्यांत मुंबईच्या गोदरेजबरोबर हैदराबादचा ऑल्विन कारखानाही होता. आज पेटीची जागा यंत्राने घेतली आहे. परंतु देशातील मतदान यंत्रे ज्या दोन सरकारी कंपन्या तयार करतात, त्यांपैकी एक, इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, हैदराबादचीच आहे.

पेटी बदलली, शाळा मात्र बदलली नाही. याला कायद्याचेही बळ आहे. मतदान केंद्रांची सोय करणे हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचे काम ठरविले आहे. त्याच कायद्याच्या १६० व्या कलमाने मतदानासाठी आवश्यक ती वास्तू सरकारला ताब्यात घेता येते, आणि त्याबद्दल भरपाई देण्याची तरतूद पुढच्याच कलमात आहे. निवडणूक आयोगाच्या सूचना याहून बारकाईच्या आहेत. होता होईल तो केंद्र सरकारी वा निमसरकारी वास्तूत असावे, तळमजल्यावर असावे, मतदाराला दोन किलोमीटरांहून अधिक चालावे लागू नये. पोलीस ठाणे नको, कारण तेथे भीती आहे. इस्पितळ नको, कारण तेथे आजारी माणसे आहेत. आणि देऊळ, मशीद, चर्च अशी कोणतीही धार्मिक वास्तू नको.

या शेवटच्या नियमापाशी आम्ही क्षणभर थांबलो. इंग्लंड-अमेरिकेत चर्चमध्ये किंवा चर्चच्या सभागृहात मतदान होणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मग आपल्याकडे ही बंदी का? आमच्या मते यात धर्माचा अवमान नसून माणसाच्या मनाची पारख आहे. भिंती मुक्या असतात असे आपण म्हणतो. पण त्या तितक्या मुक्या नसतात. २००० साली अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, शाळांच्या खर्चासाठी विक्रीकर वाढवावा की नाही, यावर लोकांचा कौल घेण्यात आला. त्या मतांचा अभ्यास करून बर्गर, मेरेडिथ व व्हीलर या तिघा अभ्यासकांनी २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे मतदान केंद्र शाळेत होते, त्यांचा शाळांच्या बाजूचा कौल इतरांपेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी अधिक भरला होता. फरक लहानसाच, परंतु चुरशीच्या लढतीत दोन टक्के थोडके नव्हेत. शाळेच्या भिंती जर इतके बोलू शकतात, तर वेदी, क्रूस, मूर्ती, मिनार यांचे बोलणे किती मोठे असेल!

आमच्यापुढचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. चर्चमध्ये मतदान होत नाही. पण चर्चच्या आवारातील शाळेत होते. हैदराबादेत ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या शाळा जुन्या आहेत. गनफाउंड्रीजवळची ऑल सेंट्स शाळा १८५५ ची, तर सिकंदराबादची सेंट ॲन्स १८७१ ची. अशा शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात. मतदानाच्या दिवशी मात्र तीच वास्तू ख्रिस्ती संस्थेची न राहता सर्व नागरिकांची होते काय, की मालकीचा काहीसा ताठा तिच्या दारात उभाच राहतो?

तेलंगण विधानसभेचे मतदान ३० नोव्हेंबर २०२३ रोजी झाले, तेव्हा धर्मभगिनी चालवीत असलेल्या तेथील एका शाळेत आम्ही उतरलो होतो. आदल्या दिवशी दुपारी यंत्रांच्या पेट्या घेऊन केंद्राध्यक्ष व त्यांचे सहकारी आले. वर्गाची पाहणी करताना त्यांची नजर समोरच्या भिंतीवर स्थिरावली. तेथे क्रूस होता आणि त्याच्या बरोबर खाली मतदानाचा पुठ्ठ्याचा आडोसा मांडला जात होता. ते सद्गृहस्थ संकोचले, काही बोलले नाहीत. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरांनी ती नजर ओळखली. त्यांनी शिपायाला हाक मारून टेबल उचलावयास लावले आणि आडोसा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे नेऊन ठेविला. तेथे खिडकीही जवळ नव्हती, तेव्हा गुप्ततेच्या दृष्टीनेही ती जागा अधिक सोयीची ठरली. क्रूस जागीच राहिला, पण मत देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो राहिला नाही.

संध्याकाळी जेवणाच्या वेळी यावरून थोडा वाद झाला. आमचे एक वडीलधारे धर्मबंधू म्हणाले, "आपल्या घरात आपण आपली खूण का लपवावी?" सिस्टर शांतपणे उत्तरल्या, "फादर, लपविली कुठे? बाजू तेवढी बदलली. उद्या येणाऱ्या बाईला असे वाटू नये की कोणी तिच्या खांद्यावरून पाहत आहे." आम्हांस हे उत्तर पटले. जो दडपणाखाली देतो त्याचे ते देणे नव्हे. श्रद्धेच्या बाबतीत हे आपण शिकवितो, मग मताच्या बाबतीत ते निराळे कसे असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात स्त्रियांची व पुरुषांची अशा दोन रांगा लागल्या. बुरख्यातील एक तरुणी, तिच्यामागे घरकाम करणारी तेलुगू बाई, तिच्यामागे तीन पिढ्यांपूर्वी नांदेडकडून आलेल्या घराण्यातील एक मराठी आजी, आणि तिच्यामागे मोटारीतून उतरलेल्या एक डॉक्टरीणबाई. आजींना उभे राहवेना, तेव्हा कोणी तरी मुलांचे एक बाक ओढून दिले. त्यावर आजी व ती तेलुगू बाई शेजारी शेजारी टेकल्या. एरवी या चौघी एका ओळीत कधी उभ्या राहिल्या असत्या? देवळाचा, मशिदीचा, चर्चचा उंबरठा एकेकीला परका वाटला असता. शाळेचा उंबरठा कोणालाच परका वाटला नाही. हाच शाळेचा अधिकार होय.

याची किंमत कोणी तरी मोजतो, हेही विसरता कामा नये. त्या वेळी २९ व ३० नोव्हेंबर असे दोन दिवस हैदराबादच्या शाळांना सुटी द्यावी लागली. बाके हलविताना मोडतात, भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या उडतात, स्वच्छतागृहांची दशा पाहवत नाही. आणि हे सारे शुक्रवारच्या प्रार्थनेपूर्वी निस्तरावयाचे ते शाळेच्या शिपायाने. शिक्षकांवर तर दुहेरी भार पडतो. दिल्लीच्या सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निर्णय दिला की, शिक्षकांना निवडणुकीचे काम शक्यतो सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणेतर कामांस जुंपण्याची मनाई केली. तथापि जनगणना, आपत्तीतील मदतकार्य व निवडणूक हे अपवाद ठेविले. मुलांचे दोन दिवस आणि शिक्षकांची झोप, एवढे देऊन आपण हा दिवस विकत घेतो.

आणि इतके देऊन मिळते काय? हैदराबादपुरते उत्तर लाजिरवाणे आहे. २०२४ च्या मे महिन्यातील लोकसभेच्या निवडणुकीत साऱ्या तेलंगणात सुमारे ६६ टक्के मतदान झाले, भुवनगिरीसारख्या ग्रामीण मतदारसंघात ते सुमारे ७७ टक्क्यांवर गेले. पण हैदराबाद मतदारसंघात ते निम्म्यावरही पोहोचले नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात जुबिली हिल्सची पोटनिवडणूक झाली, ५८ उमेदवार उभे होते, तेथेही तोच प्रकार. मतदार यादीत दुबार व स्थलांतरित नावे असतात, हे त्याचे एक कारण खरे. परंतु सुटी मिळाली म्हणून घरी निजून राहणाऱ्यांचे काय? ज्या शहराने देशाला पेट्या पुरविल्या आणि आज यंत्रे पुरवीत आहे, त्याच शहरातील यंत्रे अर्धा दिवस वाट पाहत बसतात.

शहरी मतदाराला घराबाहेर काढण्यासाठी आता त्याच्या दारातच केंद्र नेण्याचा उपाय योजला जात आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत मुंबई-पुण्याकडील मोठ्या गृहसंकुलांत मतदान केंद्रे उघडण्यात आली. वृद्धांची सोय झाली, हे चांगलेच. तरी आमच्या मनात एक शंका राहून जाते. संकुलाच्या फाटकाच्या आत मत देणाऱ्याला रांगेत फक्त आपल्याच इमारतीतील माणसे भेटतात. शाळेच्या बाकावर आजींच्या शेजारी जी बाई टेकली होती, ती तेथे भेटेल काय?

वाचकहो, आपल्या खेड्यांतही केंद्र शाळेतच असते. कोठे ते जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोठे समाजमंदिरात, तर कोठे आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत. ही शेवटची जागा जेथे आहे तेथे आपली जबाबदारी अधिक. वर्ग झाडून द्यावा. पिण्याचे पाणी भरून ठेवावे. चाकाच्या खुर्चीला उतार आहे ना, ते आदल्या दिवशी पाहावे. म्हाताऱ्यांसाठी दोन बाके सावलीत मांडावी. धर्मग्रामाच्या सूचनांचा फलक त्या दिवसापुरता आत घ्यावा. केंद्रापासून शंभर मीटरांच्या आत प्रचार करणे हा कायद्याने गुन्हा आहे. आमच्यासारख्या झग्यातील माणसाने तर त्या दिवशी फाटकात घुटमळूही नये. फादर कोणाशी हसले आणि कोणाशी बोलले, यावरून गावात अर्थ काढले जातात. आपले मत द्यावे आणि मुकाट्याने निघून यावे.

शाळा आपण बांधली, तिच्या भिंतींत आपल्या वाडवडिलांचा घाम आहे, हे सर्व खरे. परंतु जी वस्तू परक्याला निःसंकोच वापरता येते, तीच आपण खऱ्या अर्थाने दिली असे म्हणता येते. पाच वर्षांतून एक-दोन दिवस आपल्या शाळेचे दार सर्वांसाठी सारखेच उघडे राहावे, आणि त्या दारातून आत जाणाऱ्यांत आपल्या घरातील एकही मतदार मागे राहू नये.