एमबीएला निघालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींसाठी

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "दादा, एमबीए करू का? पुण्यालाच जाऊ का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

मी भूम तालुक्यातला, घरी खव्याची भट्टी. माझ्या वेळी एका एजंटचा फोन आला होता. "मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो, नोकरी पक्की." अण्णा दोन एकर विकायला निघाले होते. आईनं अडवलं म्हणून वाचलो. मग कॅप राउंडमधून आपल्या विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात व्यवस्थापनशास्त्राला प्रवेश घेतला.

म्हणून पहिली गोष्ट : प्रवेश कॅपमधूनच घ्या. शासनाची फी सवलत त्यावरच मिळते, मॅनेजमेंट कोट्यावर नाही. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर पात्र मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. पोरीला "आता बास कर" म्हणण्याआधी घरच्यांनी हे वाचावं. दाखले आधीच काढून ठेवा, महाडीबीटीचा अर्ज वेळेत भरा आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नका.

दुसरं, इंग्रजी. पहिल्या प्रेझेंटेशनला मी चौथ्या वाक्यावर अडकलो आणि खाली बसलो. आठ दिवस तोंड लपवून फिरलो. नंतर आम्ही चौघं रोज संध्याकाळी अर्धा तास चुकीचं का होईना, इंग्रजीत बोलायला लागलो. त्याला दुसरा उपाय नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'खेळतं भांडवल' हा धडा मला पुस्तकातून कळेना. घरी आलो, अण्णांची वही उघडली. पाच-सहा लिटर दूध आटवलं की किलोभर खवा. दूधवाल्यांचा पगार दर दहा दिवसांनी, मिठाईवाल्याचे पैसे महिन्या-दीड महिन्यानं. म्हणून दिवाळीत माल सगळ्यात जास्त आणि खिसा सगळ्यात रिकामा! अण्णा म्हणाले, "हे मला ठावं हाय. त्याचं करायचं काय, ते सांग." त्यावरच प्रोजेक्ट केला. कोणाची उधारी किती दिवसांची, याची यादी केली. जुन्या गिऱ्हाइकांकडं निम्मे पैसे आधी मागितले. काहींनी दिले, एक तुटला. पण त्या दिवाळीत सावकाराकडं जावं लागलं नाही.

नोकरीच्या मुलाखतीत मला याच वहीवर प्रश्न विचारले आणि तिथं इंग्रजी अडलं नाही.

आता एक मागणी. आपल्या जिल्ह्यातल्या बँका, शेतकरी कंपन्या, खवा-पेढ्याचे मोठे व्यापारी यांनी दरवर्षी दोन-चार विद्यार्थ्यांना दोन महिने कामाला घ्यावं. हिशोब आपल्याकडं आहे, शिकलेली पोरंही आहेत. दोघांची गाठ पडत नाही, एवढंच.

आणि पोरांनो, जमीन विकून सीट घेऊ नका. काही अडलं तर बिनधास्त विचारा.