समजूत घालावी की काढावी?

गेल्या श्रावणात वर्गात ताटीचे अभंग शिकवीत होतो. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली, ही आख्यायिका मी सांगतो न सांगतो तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, समजूत घालतात की काढतात?"

वर्ग हसला. "दोन्ही बरोबर," असे म्हणून मी पुढे सरकलो. अडचणीत सापडलेल्या प्राध्यापकाला हे उत्तर फार उपयोगी पडते. पण तो प्रश्न माझ्याबरोबर बसमध्ये चढला. सदरा घालतात, सदरा काढतात. त्यात कोणाचा घोटाळा होत नाही. मग रागावलेल्या माणसापुढेच ही दोन उलटी क्रियापदे एक कशी होतात? रुसवा तर फक्त काढतात. तो घालण्याची सोय भाषेने ठेवलेलीच नाही!

आणि मला अण्णा आठवले. अण्णा माझे थोरले बंधू. गावी घर सांभाळून असतात. हिवाळ्यात मी तिथली मागची पडवी पाडून खोली बांधली. पैसे माझे, म्हणून त्यांना नुसते पत्राने कळवले. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले होते. मे महिन्यात मी गेलो, मुक्ताबाईही धाकटीच होती असा मनाला धीर देत. वाळवी, गळती, खर्च, सगळे त्यांना तासभर समजावले. ते ऐकून घेऊन उठले आणि देवघरात गेले. मुक्ताबाईचा अधिकार माझ्यापाशी कुठला! मी समजूत घालीत होतो खरा, पण ती माझी होती.

त्या रविवारी पुन्हा गावी गेलो. ओटीवर बसून एवढेच म्हणालो, "अण्णा, माझं काय चुकलं ते सांगा."

ते सुपारी कातरत राहिले. मीही गप्प बसलो. गप्प बसणे हे माझ्या पेशात बसत नाही, त्यामुळे फार जड गेले.

"शेवटचे दोन महिने आई त्या पडवीत होती," अखेर ते म्हणाले. "तू पेपर तपासत होतास. तिचं अंथरूण मी तिथून हलवलं नव्हतं रे अजून. आणि तुझं पत्र आलं."

वहिनी चहा घेऊन आल्या. अण्णांनी कातरलेली सुपारी माझ्यापुढे सरकवली.