ट्रकमधून आफ्रिका (भाग ४) : झांबेझीपासून विंडहुकपर्यंत

सोमवार, लिव्हिंग्स्टन (झांबिया)

नैरोबीहून निघालेल्यांपैकी निम्मे लोक इथे उतरले आणि तेवढेच नवे चढले. नव्यांना तंबू कसा उभारायचा हे ड्रायव्हरने दाखवलं. भांडी कशी घासायची हे मात्र आमच्या झिंबाब्वेच्या स्वयंपाकीणबाईंनी स्वतः शिकवलं, कारण त्यात त्यांचा कोणावर विश्वास नाही. तीन टब : एकात साबण, दुसऱ्यात जंतुनाशक, तिसऱ्यात साधं पाणी. पुसायला फडकं नाही. एकाचं पोट बिघडलं की फडक्यावाटे सगळ्या ट्रकचं बिघडतं. मग ताटं हातात धरून ती सुकेपर्यंत हवेत हलवायची. सूर्य मावळताना वीसेक माणसं दोन्ही हातांनी ताटं झुलवत उभी असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा काहीतरी धार्मिक विधी वाटावा.

व्हिक्टोरिया धबधब्याबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. १,७०८ मीटर रुंद, १०८ मीटर उंच. लिव्हिंग्स्टनने तो १८५५च्या नोव्हेंबरात पाहिला आणि आपल्या राणीचं नाव दिलं. इथली माणसं अजूनही मोसी-ओआ-तुन्याच म्हणतात. एप्रिलमध्ये तुषारांमुळे समोरचं काही दिसत नाही. जुलैत पाणी थोडं उतरलेलं, त्यामुळे आम्हाला धबधबा दिसलाही आणि आम्ही चिंबही झालो. त्या तुषारांवर पोसलेली झाडी एवढी दाट, की आंबोलीच्या पावसाळी वाटा आठवल्या. बस, एवढंच.

मंगळवार, कसाने (बोत्स्वाना)

आज झांबेझी ओलांडली, काझुंगुलाच्या पुलावरून. ९२३ मीटर लांबीचा हा पूल सरळ नाही, मध्येच वळसा घेतो. झांबिया आणि बोत्स्वाना यांची सामाईक हद्द फक्त दीडशे मीटरच्या आसपास. झिंबाब्वे या कामात आधी सामील नव्हता, म्हणून त्याच्या हद्दीला हात न लावता पूल नदीवर वाकवून नेला. १० मे २०२१ रोजी तो सुरू झाला. त्याआधी इथे तराफ्यासारखी फेरी चालायची, तिच्यावर एका वेळी एकच मोठा ट्रक चढे. आमचा ड्रायव्हर केनियाचा, या रस्त्यावर मुरलेला. "रांगेत दिवसच्या दिवस जायचे," तो म्हणाला. "ट्रकखाली चूल मांडायचो. रांगेत ओळखी झाल्या, लग्नंसुद्धा जुळली." पुलावरचा प्रवास संपला तेव्हा त्याचा किस्सा अर्धाच झाला होता.

माझा व्हिसा पुण्याहून निघतानाच काढलेला, त्यामुळे शिक्का लगेच पडला. बुटांना वेळ लागला. औषधाच्या पाण्यात भिजवलेल्या जाड पायपुसण्यावर प्रत्येकाने उभं राहायचं; ट्रकची चाकंही तशाच पाण्यातून जातात. हे सगळं गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगासाठी. पिशवीतले आणखी दोन जोडसुद्धा काढून दाखवावे लागले. पासपोर्टपेक्षा तळवे जास्त बारकाईने तपासणारी हद्द मी पहिल्यांदाच पाहिली.

संध्याकाळी चोबे नदीत बोटीने फिरलो. समोरचा काठ नामिबियाचा. हा नामिबियाचा हात इथवर कसा आला, त्याची गोष्ट १८९०ची. ब्रिटन आणि जर्मनी यांनी करार केला, त्यात जर्मनीला इकडे एक अरुंद पट्टा मिळाला. त्याला तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलरचं, काप्रिव्हीचं नाव पडलं. पट्टा घेण्यामागे हिशोब असा, की झांबेझीपर्यंत पोहोचलो की नदीतून थेट हिंदी महासागरात उतरू. वाटेत काल आम्ही पाहिलेला तो धबधबा आहे आणि त्याचं वर्णन तीसेक वर्षांपूर्वीच युरोपात पोहोचलेलं होतं, हे कुणीतरी बघायला हवं होतं.

त्याच करारातली "चोबेचा मुख्य प्रवाह" ही शब्दरचना पुढे शंभर वर्षं कुरबुर करत राहिली. नदीच्या मधोमध सेदुदू नावाचं बेट आहे, नामिबियात त्याला कासिकिली म्हणतात. क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि पूर आला की त्याचा बराच भाग पाण्याखाली. ते नेमकं कोणाचं, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. मुख्य प्रवाह उत्तरेचा ठरला आणि १९९९च्या डिसेंबरात बेट बोत्स्वानाला मिळालं. दोन्ही देशांच्या बोटींना दोन्हीकडून जाण्याची मुभा मात्र कायम राहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा बेटावर बोत्स्वानाचा झेंडा फडकत होता, झेंड्याभोवती म्हशींचा कळप चरत होता, आणि हत्तींची एक रांग सोंडा वर करून पाणी ओलांडत होती. पिल्लू मधोमध. ती नामिबियाकडे निघाली होती.

बुधवार, ग्वेता

पहाटे साडेपाचला स्वयंपाकीणबाई मांस तळत होत्या. पुढच्या नाक्यावर कच्चं मांस काढून घेतात, शिजवलेलं जाऊ देतात. मी शाकाहारी, तरी कांदा चिरून दिला. बटाट्यांना हद्द नाही.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना हत्ती. बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत इतके. म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा ट्रकवरचा नियम आहे, आणि ड्रायव्हर तो देवाज्ञेसारखा पाळतो.

मुक्काम गोरखचिंचेच्या झाडांखाली. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर जी थोडी जुनी गोरखचिंच आहे तिचं माहेर हे. तिथे एकेकटं झाड पाहून ते विचित्र वाटतं. इथे त्यांची वस्तीच आहे.

दक्षिणेला मकगादिकगादी, एका आटलेल्या महातळ्याची मिठागरं. आज लिहायचं आहे ते इथल्या झेब्र्यांबद्दल. बोत्स्वानाचं गोमांस युरोपला जातं, आणि रानम्हशींच्या अंगात खुरकुताचे विषाणू असतात. म्हणून गुरं एका बाजूला आणि रानम्हशी दुसऱ्या बाजूला राहाव्यात यासाठी देशभर शेकडो किलोमीटरची कुंपणं घातली गेली. त्यातलं एक कुंपण १९६८मध्ये ओकावांगोचा पाणथळ प्रदेश आणि ही मिठागरं यांच्यामध्ये आलं आणि २००४मध्ये ते काढलं. त्यानंतर काही वर्षांतच संशोधकांनी गळ्यात यंत्र बांधलेल्या झेब्र्यांच्या मागावर राहून पाहिलं, तर काही कळप पहिल्या पावसाबरोबर ओकावांगो सोडून थेट इथल्या कोवळ्या गवतावर येत होते आणि परत जात होते. जाऊन-येऊन ५८८ किलोमीटर, तेही सरळ रेषेत मोजून.

गंमत अशी, की कुंपण छत्तीस वर्षं उभं होतं आणि रानातला झेब्रा एवढा जगत नाही. उद्या पंढरीची वारी छत्तीस वर्षं बंद पडली, तरी वाखरी कुठे आणि सासवडचा मुक्काम कुठे हे सांगणारी म्हातारी माणसं गावोगाव सापडतील. इथे वाट पाहिलेला एकही जीव उरलेला नव्हता. मग ही वाट सापडली कशी? गवताच्या हिरवेपणाचा आणि पावसाचा माग काढत ते पुढे सरकत गेले असावेत, असं अभ्यासकांचं म्हणणं. मला पटतं. तरी रात्री तंबूत पडल्यावर मी त्या पहिल्या झेब्र्याचाच विचार करत होते, काल जिथे तार होती तिथे पाय टाकणाऱ्या.

ते कळप आत्ता इथे नाहीत. ते पावसाबरोबर, नोव्हेंबरात येतील.

गुरुवार, माउन

कपडे धुतले. बाजारात घोळदार लांब झगे आणि डोक्यावर गुरांच्या शिंगांसारखा आडवा फेटा बांधलेल्या हेरेरो बायका पाहिल्या. त्या मूळच्या नामिबियाच्या. त्या इथे कशा, ते सोमवारी.

शुक्रवार, ओकावांगोच्या पाण्यात

ट्रक माउनला ठेवला. मोकोरोतून आत आलो. एका लाकडाच्या खोडातून कोरलेली ही होडी आता बहुतेक फायबरग्लासची असते, मोठी झाडं वाचावीत म्हणून. दोघं बसतात, मागे उभं राहून एकजण लांब काठीने ढकलतो. आमची होडी एका पोक्त बाईंच्या हातात होती. त्या एका शब्दानेही घाई करत नव्हत्या. पाणी एवढं नितळ, की लव्हाळ्यांची मुळं दिसत होती.

हे पाणी इथलं नाही. अंगोलाच्या डोंगरांत जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस तीन-चार महिने रखडत इथे येतो, आणि इथे पावसाचा थेंब नसताना, ऐन कोरड्या थंडीत पूर चढतो. जमिनीला उतारच नाही. नदी समुद्राला मिळत नाही, वाळूत पसरते आणि बहुतेक सगळी उन्हाने आणि झाडांनी शोषली जाते. जेवढी बेटं दिसली त्यातली कित्येक वाळवीने सुरू केलेली. वारूळ उंचावतं, त्यावर पक्षी बसतात, बिया पडतात, झाडं येतात. झाडं पाणी ओढून घेतात, क्षार मागे ठेवतात. म्हणून बेटाच्या मध्यावर पांढरी, उघडी जमीन आणि कडेला गर्द सावली. २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेलं हे जगातलं हजारावं स्थळ.

बेटावर तंबू ठोकले. शौचासाठी खड्डा, फावडं आणि कागद; फावडं जागेवर नसेल तर आत कोणी आहे असं समजायचं. रात्री पाणघोडे तंबूपासून जवळच चरत होते. त्यांचा आवाज लठ्ठ माणसाने मोठ्यांदा हसल्यासारखा. माझी तंबूसोबतीण कोरियाची शाळामास्तरीण, तिने कानात बोळे घातले. मी नाही घातले.

शनिवार, पुन्हा माउन

दुपारपर्यंत बाहेर आलो. संध्याकाळी स्वयंपाकाची पाळी आमच्या गटाची, म्हणून पिठलं. बेसनाचा शेवटचा पुडा त्यात गेला. बाईंनी सोबत मक्याच्या पिठाचा सद्झा रटरटवला. पिठलं-सद्झा हे जोडपं जमतं, लसूण थोडा जास्त घालावा. ड्रायव्हरने तीनदा घेतलं.

रविवार, घान्झी

वाटेत कुके कुंपणाचं फाटक. हे १९५८चं. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडे निघालेले वाइल्डबीस्ट या तारांशी अडले आणि हजारोंच्या संख्येने मेले. आज तिथे एक शिपाई, एक खुर्ची आणि बुटांसाठी तेच पायपुसणं. ट्रकमधला एक डच पाहुणा म्हणाला, की गुरांवर एवढ्या लोकांचं पोट चालतं तर कुंपण लागणारच. हे खरं आहे, आणि मला तेवढ्याने समाधान झालं नाही.

रात्री छावणीवर सान लोकांचं नृत्य होतं, तिकीट लावून. पाच बायका टाळ्या वाजवत होत्या, दोन म्हातारे पायांना खुळखुळणारे कोश बांधून नाचत होते. आम्ही फ्लीसची जाकिटं घालून बसलेलो, ते चामड्याच्या लंगोट्यांत; पारा शून्याजवळ असावा. मध्य कलहारीचं राखीव रान १९६१मध्ये घोषित झालं तेव्हा त्यात हे लोक राहतच होते. १९९७ आणि २००२मध्ये सरकारने त्यांना तिथून हलवलं. त्याविरुद्ध ते कोर्टात गेले आणि २००६मध्ये जिंकले. या नाचणाऱ्यांचा त्याच्याशी किती संबंध, ते मी विचारलं नाही. नृत्य संपल्यावर त्यांनी लगेच जाड कोट घातले आणि शेकोटीपाशी येऊन बसले. तेव्हा कुठे गप्पा झाल्या. एका आजोबांना भारतात वाघ आहेत हे ठाऊक होतं. सिंहापेक्षा मोठा का, एवढंच त्यांना हवं होतं. जड असतो, म्हटलं. ते मान्य झालेलं दिसलं नाही.

सोमवार, विंडहुक (नामिबिया)

अंधारातच तंबू मोडले. मामुनोची हद्द ओलांडली की ओमाहेके सुरू होतं : बाभळीसारखी काटेरी झुडपं, रेती, मैलोन्‌मैल काही नाही. एसी नसलेल्या ट्रकच्या खिडकीतून ते तासन्‌तास बघत असताना गुरुवारचा धागा इथे जुळतो. १९०४च्या जानेवारीत हेरेरो जर्मन राजवटीविरुद्ध उठले. ऑगस्टात वॉटरबर्गच्या लढाईनंतर जर्मन सैन्याने त्यांना गुराढोरांसह, बायकापोरांसह याच निर्जळ पट्ट्यात रेटलं आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. ऑक्टोबरात जनरल फोन ट्रोथाने हुकूम काढला, की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो गोळी घालून मारला जाईल. १९०८पर्यंत हेरेरो आणि नामा या दोन्ही जमातींतली हजारो माणसं मेली, मारली गेली, छावण्यांत संपली. जर्मनीने याला नरसंहार म्हटलं ते २०२१मध्ये.

जे थोडे ओमाहेके पायी ओलांडून पूर्वेला पोहोचले ते ब्रिटिश बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्स्वानात, जगले. माउनच्या बाजारातल्या त्या बायका त्यांच्या नाती-पणत्या. आठवडाभर नकाशावरच्या रेघांना मी नावं ठेवत आले. त्यांना मात्र याच रेघेपलीकडे जीव वाचवता आला. आम्हाला ती ओलांडायला दोन शिक्के आणि पाऊण तास लागला.

विंडहुक स्वच्छ, थंड, दुकानांनी भरलेलं. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड सारख्याच भावाने चालतात. बाईंनी पुढच्या तीन दिवसांची भाजी, कोळसा आणि वीस लिटरचे पाण्याचे कॅन भरून घेतले. मी सुपरमार्केटात बेसन शोधलं. मसाल्यांच्या फळीवर चण्याचं पीठ मिळालं, किंमत पुण्याच्या चौपट. घेतलं. उद्या स्पिट्सकोपेच्या खडकांत मुक्काम आहे आणि तिथे नळ नाही, तेव्हा ज्याला आंघोळ करायची त्याने आजच करावी, असं ड्रायव्हरने जेवताना दोनदा बजावलं. न्हाणीघरांपुढे आता रांग लागली आहे आणि माझा नंबर बराच मागे आहे.

(पुढील भाग : स्पिट्सकोपे, स्वाकोपमुंड आणि नामिबची वाळू)