दुखत नाही म्हणून

चारठाण्यातल्या आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्तनाच्या कॅन्सरचा मेसेज टाकला. गुलाबी फीत, छापील मराठी. एकीनेही उत्तर दिलं नाही. चूक माझीच, बीएड करून एवढं कळायला हवं होतं.

मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हे मी आमच्या दखनीत बोलून, आवाज रेकॉर्ड करून पाठवलं. गाठ दुखत नसली तरी दाखवा, हेही सांगितलं.

रात्री शेजारच्या खालाचा फोन आला. "बेटी, मेरेकू बी है. दुखताच नइं, तो किसकू बोलती?"

सकाळी आम्ही दोघी जिंतूरच्या गाडीत बसलो.