पट्टा का पळतो?

आमच्या घराच्या मागच्या अंगाला धाकट्या भावाची भट्टी आहे. कोयते, विळे, सुऱ्या. लोहारकी पिढीजात. मी तेवढा एम.ए. झालो, शाळेत लागलो आणि पुढे हेडमास्तर झालो. घरातला एक माणूस घणापासून सुटला, असं आई म्हणायची. सुटलो खरा, पण संध्याकाळी शाळेतून आलं की चहाचा पेला घेऊन भट्टीच्या दारात उभं राहायचं आणि सल्ले द्यायचे, ही सवय काही सुटली नाही.

आबांच्या वेळी धार लावायची ती साणेवर. वाळूच्या दगडाचं मोठं चाक, खालचा भाग पाण्यात बुडालेला. आई दांडा फिरवायची, आबा पातं टेकवायचे. आईचा हात दमला की दगडाचा आवाज बदले आणि आबा न बघताच पातं वर उचलत. तीन वर्षांपूर्वी भावानं बेल्ट ग्राइंडर घेतलं. निम्मे पैसे माझ्या प्रॉव्हिडंट फंडातले, त्यामुळे त्या यंत्राबद्दल बोलायचा मला जरा जास्तच अधिकार आहे, अशी माझी समजूत झाली होती.

यंत्र दिसायला साधं. दोन इंच रुंद आणि बहात्तर इंच घेराचा खरकागदी पट्टा, तो तीन चाकांवरून फिरतो. खाली मोटरवरचं चाक, पुढे ज्याच्यावर पातं दाबायचं ते, आणि वर स्प्रिंगच्या दांडीवर बसवलेलं मोकळं चाक. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांची आणि तिच्यावरचं चाक चार इंची, म्हणजे पट्टा मिनिटाला सुमारे १५०० फूट पळतो. एवढ्या वेगातला पट्टा चाकावरून घसरून का पडत नाही, हा प्रश्न लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीत मला कधी पडला नव्हता. खरं तर तिथं तास तास डबा घेऊन बसलो आहे.

गंमत अशी की, वरचं चाक सपाट नसतं. मध्ये किंचित फुगीर असतं, बोटानं चाचपलं तरच कळावं इतकं. आपल्याला वाटेल, फुगवट्यावरून पट्टा खाली घसरेल. होतं उलटंच. चाकाचा घेर जिकडे जास्त, तिकडची कड जास्त ओढली जाते; पट्टा जरासा वाकतो आणि चाकावर येताना किंचित वर चढूनच येतो. असा चढत चढत तो मधोमध येतो, दोन्हीकडची ओढ सारखी झाली की तिथंच राहतो. त्या चाकाला डावी-उजवीकडे कलवणारा एक स्क्रू असतो. त्यानं पट्टा हवा तिथं आणून ठेवायचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तो राहीना. गळिताचा हंगाम तोंडावर आलेला, ऊसतोडीच्या एका मुकादमाची ८० कोयत्यांची मागणी, आणि भाऊ सांगत आला, "दादा, बेल्ट पळायलाय."

मी म्हटलं, "स्क्रू फिरवा."

फिरवला. थोडा वेळ बरा चालला, मग पुन्हा डावीकडे. पुन्हा फिरवला. रोज अर्धा आटा, रोज माझ्याच सांगण्यावरून. शेवटी चाक इतकं कललं की पट्ट्याची एक कड तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली आणि दुसरी ढिली. पट्ट्याची कड पात्यावर चढली की धारेच्या वर खाच पडे. चार कोयते असे वाया गेले.

यंत्रावर असायचा तो माझा पुतण्या. माझ्याच शाळेतला. एस.एस.एल.सी.ला गणितात राहिला, पुन्हा बसला नाही, भट्टीत आला. त्या दिवशी त्यानं कोयता दाबला आणि पट्टा उडाला. बोटांच्या पेरांवरचं कातडं सोलवटून गेला. मुकादम समोरच बसलेला. मी काय करावं? जखम बघायची सोडून म्हणालो, "हात सरळ नाही तुझा. गणितातही तेच. घाई."

त्यानं काही उत्तर दिलं नाही. कोयता पाण्यात घातला, यंत्र बंद केलं आणि बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एकाच घरात राहून जेवायच्या वेळा त्यानं अशा काही बदलल्या की माझी गाठच पडू नये. भावजय मला वाढायची, बोलायची नाही.

चौथ्या दिवशी भावानं उद्यमबागेतल्या ओळखीच्या एका फिटरला बोलावलं. वय माझ्याएवढंच. घरची भाषा कन्नड, मराठी आमच्याइतकीच चांगली. पण यंत्राशी बोलताना मात्र कन्नडच. मी पुढे होऊन स्क्रूची हकिकत सांगू लागलो. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "मोदल नोडरी सर, आमेल तिरगसरी." आधी बघा, मग फिरवा.

त्यानं पहिल्यांदा प्लग काढला. दुसरं काम म्हणजे माझा आठ दिवसांचा स्क्रू उलटा फिरवून चाक पुन्हा सरळ केलं. मग पट्टा उतरवून एकेक चाक हातानं फिरवलं, हलवून बघितलं. बेअरिंग ठीक होती. लोखंडी पट्टी लावून चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. होती. फुगीर चाकावर चिकटलेला धुळीचा थर पत्र्यानं खरवडला. धूळ साचून फुगवटा बुजला तरी पट्टा भरकटतो, असं म्हणाला.

मग त्यानं पट्ट्याच्या जोडावर खडूची खूण केली आणि पट्टा हातानं सावकाश ओढत राहिला. मला जवळ बोलावलं. दर फेरीला खूण आली की पट्टा डुलतो का, ते बघायचं. डुलला तर जोड वाकडा. न डुलता एकाच बाजूला सरकत गेला, तर तोच पट्टा काढून डावी कड उजवीकडे करून चढवायचा. तरीही त्याच बाजूला गेला तर यंत्रात खोट. बाजू बदलली तर पट्ट्यात. आमच्या पट्ट्यांचा जोड फितीचा, त्यामुळे ते दोन्ही दिशांनी चालतात. आत बाण छापलेला असेल तर ही परीक्षा हातानं फिरवूनच करायची.

बाजू बदलली.

मग त्यानं पट्टा उजेडात धरला. आडवा पन्हळीसारखा वळलेला, आणि एका जागी पक्की घडी. असला पट्टा चाकावर सपाट बसतच नाही, मग फुगवटा त्याला धरणार कसा? खोक्यातला एक न उघडलेला पट्टा चढवला, तर तो मधोमध चालला. पातं दाबल्यावर मात्र जरा हलला. तेव्हा वरच्या दांडीचा बोल्ट ढिला सापडला, तो आवळून वर दुसरा नट बसवला. सगळं मिळून तासाभराचं काम.

"हे पट्टे कुठं टांगले होते?" त्यानं विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मे महिन्यात स्वस्त मिळतात म्हणून दोन डझन पट्टे मीच आणले होते. खोक्यात ठेवले तर उंदीर कुरतडतील म्हणून बहुतेक सगळे मीच मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगले. बेळगावचा पाऊस, ती भिंत जूनपासून ओली. कापडी पाठीचा पट्टा दमट हवेत वळतो, आणि खिळ्यावर लोंबकळून त्याला घडी पडते. टांगायचाच तर कोरड्या जागी, जाड पाईपवर.

फिटर मजुरी घेऊन गेला. रात्री मी पुतण्याच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. तीस वर्षांत मुलांसमोर कितीतरी भाषणं केली आहेत, तिथं पहिलं वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, "पट्टे मीच टांगले होते."

"माहीत आहे काका," तो म्हणाला. "जुलैतच बोललो होतो तुम्हाला, पट्टे वाकायलेत म्हणून. तुम्ही पेपर तपासत होता."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

"बोट कसं आहे?"

"बरं आहे."

सकाळी तो भट्टीत होता. कुठून तरी चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा आणला होता आणि तो भट्टीच्या बाजूच्या कोरड्या भिंतीला ठोकायचा म्हणून स्टुलावर चढला होता. मी चहाचा पेला घेऊन दारात आलो. त्यानं वरूनच सांगितलं, "काका, तेवढं स्टूल धरा." मी पेला खाली ठेवला.